उजेडातली बाई

मागच्या खोलीच्या दाराला सूप टेकवलेलं असलं की पुरुषमाणसानं आत जायचं नाही, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. चूल पोळते हे जसं कळतं तसंच तेही कळलेलं होतं. बाबा मागावरून पाणी प्यायला उठत, सूप दिसलं की सपरीत, दाराबाहेरच्या ओसरीतच, थांबून खाकरत. आतून माय म्हणे, "थांबा जी." मग बांगड्या वाजत, लुगडं खाली सोडल्याचा आवाज येई आणि सूप बाजूला होई. पाणी पिऊन बाबा पुन्हा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले की सूप पुन्हा दाराला लागे. अड्याळच्या आमच्या मोहल्ल्यात ज्या ज्या घरी कोसा, म्हणजे टसर रेशमाचे कोश, यायचा, त्या त्या घरी ही रीत होती. कुणाचं सूप उंदरांनी कुरतडलेलं असलं तर तिथं टोपली असायची, एवढाच फरक.

आत काय चालायचं ते आता मोकळेपणानं लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय पुढचं समजणार नाही. आत माय मांडीवर कोशाचं सूत काढायची. उकडलेले कोसे परातीत, डाव्या मांडीवरचं लुगडं वर खोचलेलं, मांडीला चुलीतली राख चोळलेली. चारपाच कोशांचे तंतू एकत्र ओढायचे, तळहातानं मांडीवर वळायचे आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी नटव्यावर गुंडाळायचे. सकाळचा भात उतरला की ती बसायची ते उन्हं सांदवाडीत, मागच्या परसात, उतरेपर्यंत. पुढच्या खोलीत मागाची खटखट आणि मागच्या खोलीत तळहाताची सर्र, सर्र, अशा दोन आवाजांच्या मध्ये बसून मी पाढे पाठ केले. अंगणात कोंबड्या कोशांतल्या किड्यांसाठी भांडत असायच्या. उकडलेल्या कोशांचा वास आमच्या भिंतींना, गोधड्यांना, माझ्या दप्तरालाही होता. शाळेत माझ्या शेजारी बसणारी शेतकऱ्याची मुलगी नाक मुरडायची. मी तिला एकदा चिमटा काढला आणि तो विषय तिथंच संपला.

मायच्या मांडीवर हाताच्या पंजाएवढी जागा काळी, गुळगुळीत आणि चकचकीत झालेली होती. उन्हाळ्यात ती तडकायची. मग माय मोहाचं तेल लावायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा राख. मी कधी तिच्या शेजारी बसून एखादा तंतू हातात घेतला तर ती माझा हात झटकून टाकायची.

"तू नोको शिकू."

"काहून?"

"हात बसला का सुटत नाही. जाय, तुह्या पुस्तकात जाय."

मोहल्ल्यातल्या बाकी मुली शिकल्या. मी नाही शिकले. तेव्हा मला तो माझा मान वाटे.

आमच्या शाळेत भंडाऱ्याहून आलेले नाना मास्तर होते. समाजवादी माणूस. आणीबाणीत काही महिने आत राहून आलेले, आणि त्याचं कौतुक कुणी केलं की वैतागणारे. रविवारी शाळेच्या व्हरांड्यात ते अभ्यासवर्ग घ्यायचे. विणकर सतरंजीवर बसत, बाया खांबाआड, आणि आम्ही पोरं पायऱ्यांवर. मास्तर हात आणि मालकी यांबद्दल बोलत, सूत कुणाचं आणि नफा कुणाचा हे विचारत. त्यातलं अर्धं डोक्यावरून जाई, पण ते बोलत इतक्या कळकळीनं की उठून जाणं बरं दिसत नसे. एकदा ते म्हणाले, "महालातल्या वस्तूला कला म्हणायचं आणि तुमच्या घरातल्या वस्तूला नुसतं काम, हा भेद कुणी केला?"

खांबाआडून भागरताकाकूंचा आवाज आला, "आमी नाही केला जी! आमाले कायले विचारता?"

सगळे हसले, मास्तरही हसले. भागरताकाकू आमच्या शेजारणी. त्यांच्या तोंडाला मोहल्ला भिऊन असे, आणि त्या भीत फक्त मायला. माय फारसं बोलत नसे, पण बाया तिच्याकडे बघून ठरवीत.

मास्तरांना बायांची सोसायटी काढायची होती. तलावाच्या पाळीजवळ मोठं शेड, त्याला खिडक्या, सगळ्या बायांनी तिथं एकत्र बसून सूत काढायचं आणि व्यापाऱ्याला न देता सोसायटीनंच विकायचं. "तुमचं काम अंधाऱ्या खोलीत कुजतंय," ते म्हणत. "ते उजेडात आलं पाहिजे." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की त्यांचं नावच 'उजेड मास्तर' पडलं.

बायांना सोसायटी हवी होती. व्यापाऱ्याचा काटा सगळ्यांनाच टोचलेला होता. अडत होतं ते एकाच जागी. शेडला खिडक्या, समोर पाळ, पाळीवरून दिवसभर गडीमाणसांची ये-जा. मग सूप लावायचं कुठं? हा प्रश्न मास्तरांना विचारायचा म्हणजे परक्या पुरुषासमोर मांडी हा शब्द काढायचा. तो कोण काढणार? भागरताकाकूंनाही तेवढं धाडस नव्हतं. शेवटी मायनंच तोडगा काढला. आमच्या सांदवाडीत तांदूळ पाखडता पाखडता ती म्हणाली, "खिडक्याइले पोते लावून टाकू. आपल्यातली एक दाराशी बसंल. मास्तरले काय समजते?"

"म्हणजे उजेडात बसाचं, पोते लावून?" भागरताकाकू म्हणाल्या.

"हाव. त्याईचा उजेड बाहेर, आपला अंधार आत. काम तं एकच."

त्या सांदवाडीतच ठरलं. सगळ्या नावं देणार होत्या. आज मागं वळून बघते तेव्हा वाटतं, तिथंच नावं लिहून घेतली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मास्तरांना घाईघाईनं काही करायचं नव्हतं. बायांना आधी अभिमान वाटला पाहिजे, मग सोसायटी, असं त्यांचं मत. म्हणून त्यांनी सगळ्यांना नागपूरचं अजायबघर दाखवायला न्यायचं ठरवलं.

भल्या पहाटेच्या एसटीत आमचा मोहल्ला चढला. बायांनी ठेवणीतली लुगडी नेसलेली, बाबांच्या डोक्यावर धुतलेली टोपी. अजायबघराच्या हिरवळीवर आधी शिदोऱ्या सुटल्या. तांदळाच्या भाकरी, सुक्या झिंग्यांची चटणी, लाखोळीच्या डाळीच्या पातोड्या. मास्तरांनी संत्र्यांची टोपली आणली होती, ती त्यांनी स्वतः फिरून वाटली. मायनं तिच्या वाट्याचं संत्रं माझ्या ओच्यात टाकलं.

आत गेल्यावर पहिला पेंढा भरलेला वाघ. भागरताकाकू त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माह्या मामाच्या वावरात, आंबागडले, याच्याहून मोठा येते. आन् तो फुकट दिसते."

मास्तर दगडी मूर्तींपाशी थांबले. "ही कुणी घडवली? राजाचं नाव खाली लिहिलंय. पण राजानं छिन्नी धरली होती का?" बाबांनी मान हलवली. पुढे एका कपाटात जुनं रेशमी पागोटं होतं. बाबा काचेला नाक लावून कितीतरी वेळ ते बघत राहिले आणि म्हणाले, "वीण चांगली हाये. पण काठाले घाई केली." आजूबाजूची शहरी माणसं त्यांच्याकडे बघू लागली, तेव्हा बाबा लाजले, पण त्यांची मान ताठ झालेली मी पाहिली. मायनं एका जागी लाकडी पायली पाहिली. "हे तं आपल्या घरी हाये. ठेवलं काहून?" मास्तर म्हणाले, "ते आपल्या घरी आहे म्हणूनच ठेवलंय, कौतिकाबाई." मायला ते पटलेलं दिसलं. त्या क्षणी मास्तरांचे डोळे भरून आले होते. त्यांचं सगळं त्यांनी ठरवल्यासारखंच चाललं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे त्यांना बोल लावणारे पुष्कळ भेटले.

मग कारागिरीचं दालन आलं. शिरल्याशिरल्या समोर मोठं काचेचं कपाट, आणि कपाटात बसलेली एक बाई. मातीची, पण पुऱ्या मापाची. हिरवं लुगडं, नाकात नथ, मानेवर अंबाडा. हातात नटवा. लुगडं मांडीवर खोचलेलं आणि वरून ट्यूबलाइटचा उजेड नेमका त्या मांडीवर पडलेला. मांडी गोरीपान रंगवली होती. काळा डाग नव्हता.

मास्तर पुढं झाले. त्यांनी छत्रीच्या टोकानं काचेवर टकटक केलं. "या, सगळे पुढे या. पुरुषांनीसुद्धा बघा. आपल्या घरात काय घडतं ते कधी पाहिलंत? तुमच्या पागोट्यांचं, उपरण्यांचं सगळं भांडवल इथं आहे, या मांडीवर." ते खरं बोलत होते. पण त्यांची छत्री काचेला टेकलेली होती, आणि विणकर डोळे कुठं ठेवावे ते न कळून एकदा छताकडे, एकदा मांडीकडे बघत होते. बाजूला कॉलेजची काही मुलं उभी होती. त्यातल्या एकानं दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं आणि दोघं फिसकन हसले.

"इच्या दाराले सूप काहून नाही?" माय म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती. तरी मास्तर वळले. "काय म्हणालात, कौतिकाबाई?"

माय पुढं गेली, कपाटाकडे पाठ करून काचेला टेकून उभी राहिली, आणि दोन्ही हातांनी पदर पसरला. भागरताकाकू तिच्या डाव्या अंगाला जाऊन उभ्या राहिल्या. मग एकेक करून सगळ्या. खांद्याला खांदा लावून, आमच्याकडे तोंडं करून. मातीची बाई त्यांच्यामागं दिसेनाशी झाली.

पहारेकरी धावत आला. "ओ बाई, सरका! काचेला टेकू नका. लोकांना बघू द्या."

"नाही सरकत जी," माय म्हणाली.

"अहो, पण उभ्या कशाला आहात?"

"तुमची बहीण आत काम करून राहिली," भागरताकाकू म्हणाल्या. "तिचं होतवरी थांबा."

बाबांनी मायकडे एकदाच पाहिलं. मग बाकीच्या पुरुषांना म्हणाले, "चला रे बाहेर." ते सगळे खाली माना घालून गेले. कॉलेजची मुलंही गेली. मास्तर मात्र छत्री छातीशी धरून तिथंच. "बायांनो, ऐका तर. पुढच्या दालनात चला. तिथं जे आहे तेच तुम्हाला दाखवायचं होतं. हे तर नुसतं..."

"तुमी व्हा पुढं," माय म्हणाली.

ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, बाया हलल्या नाहीत. माझे पाय दुखायला लागले तेव्हा मी जमिनीवर बसकण मारली आणि ओच्यातलं संत्रं सोलून खाल्लं. अजायबघर बंद व्हायची वेळ झाली. पहारेकऱ्यानं एकेक दालन कुलूपबंद करत आणलं, पुढचं सुद्धा. शेवटी तो आमच्या दालनात आला आणि त्यानं बटण दाबलं. कपाटातला उजेड गेला. तेव्हा कुठं मायनं पदर खांद्यावर घेतला. "चला," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत भंडारा मागं पडल्यावर भागरताकाकू म्हणाल्या, "पाहून घेतला वो बाई, उजेड." त्यानंतर आमच्या मोहल्ल्यात त्या शब्दाचा अर्थच पालटला. सोसायटीत जायचं म्हणजे तसं काचेत बसायचं, वर बत्ती लावून, छत्रीवाल्यांनी दाखवायचं आणि पोरांनी हसायचं. नावं कुणीच दिली नाहीत.

काही दिवसांनी मास्तर आमच्या घरी आले. सपरीत उभे राहिले. समोर दाराला सूप होतं आणि आतून सर्र, सर्र ऐकू येत होतं. त्यांनी बाबांना विचारलं, "हे सूप इथं नेहमीच असतं का हो?"

"काम चालू असलं का असते जी," बाबा म्हणाले. "आपण आत नाही जात."

मास्तर सुपाकडे बघत राहिले. मग हळूच पायरीवर बसले. खरं तर त्यांना पाट दिलेला होता. "पुढच्या दालनात चाक होतं," ते म्हणाले. "पायानं चालवायचं. खुर्चीवर बसायचं, मांडी उघडी टाकायचं कामच नाही. शेडमध्ये तीच चाकं आणणार होतो मी. तुम्हाला वाटलं काय, शेडमध्येसुद्धा... अरे देवा." देव न मानणारा माणूस हे म्हणाला. "आधी चाक दाखवायला पाहिजे होतं. मी आधी दुःख दाखवायला गेलो."

चाकाबद्दल त्यांनी वर्गात कधी सांगितलं होतं की नाही, मला आठवत नाही. सांगितलं असेल तर 'सुधारित साधनं' वगैरे शब्दांत, आणि असे शब्द आमच्या दारातच अडत. आत सर्र थांबलं होतं. मायनं सगळं ऐकलं होतं. मग पुन्हा सर्र सुरू झालं, आधीपेक्षा सावकाश.

दुसऱ्या दिवशीपासून ती घरोघर गेली. कुणाच्या घरी एवढं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. चाक असते, खुर्ची असते, लुगडं घोट्यापर्यंत राहते. बाया ऐकायच्या आणि नवऱ्यांकडे बघायच्या. नवरे म्हणायचे, "कौतिकाबाई, तुमीच तं आमाले तठून बाहेर काढलं. आता तुमीच म्हणता उजेडात बसवा?" त्यांचं चुकत नव्हतं. तिनं पदर पसरला तो इतका घट्ट बसला की तिचा तिलाच काढता आला नाही. मास्तरांची बदली झाली. सोसायटी झाली, पण ती पलीकडच्या गावात, पुढं काही वर्षांनी. भागरताकाकूंची लेक तिथंच दिली होती. ती माहेरी आली की सांगायची, खुर्चीवर बसतो, रेडिओ लावतो, चहा आणून देतात. माय ऐकायची, "बरं हाये बाई," म्हणायची, आणि आत जाऊन दाराला सूप टेकवायची. भागरताकाकूंच्या मांडीला त्या वर्षी जखम झाली होती, ती भरून येत नव्हती.

बदलीनंतरही मास्तर अधूनमधून यायचे. पाटावर बसायचे नाहीत. "माझं चुकलं, कौतिकाबाई," म्हणायचे. माय म्हणायची, "तुमचं कायचं जी, माह्या पायी बाया घरातच राहिल्या." दोघंही दुसऱ्याला सोडवायला बघायचे आणि स्वतः अडकून राहायचे. बाबा मधल्या मध्ये सुपारी कातरत बसायचे. मला या दोघांचा राग यायचा. एकदा मिटवून टाका ना, असं वाटायचं. मी तेव्हा भंडाऱ्याला नर्सिंग शिकत होते, आणि प्रत्येक सुट्टीत घरी आले की मागच्या खोलीतून तोच आवाज यायचा. माझी पुस्तकं, माझे पांढरे बूट, मेसचं जेवण, सगळं त्या आवाजातून येत होतं. जखमा धुवायला, पट्ट्या बांधायला शिकलेली मी, मोहाच्या तेलाची बाटली तिच्या हातातून घेऊन एकदाही तिला माझ्या हातानं तेल लावू शकले नाही. तिनं लावू दिलं नाही. माझे पाय आजही गुळगुळीत आहेत. त्यात माझा दोष नाही हे मला कळतं. असता तर फेडता तरी आला असता.

नोकरीची सगळी वर्षं मी वॉर्डात काढली. लोकांची उघडी अंगं बघणं हे माझं रोजचं काम, त्यात मला कधी काही वाटलं नाही. माय थकल्यावर घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तिला मी आमच्याच दवाखान्यात आणलं. दुपारची फेरी होती. डॉक्टर, त्यांच्यामागं शिकाऊ मुलं, हातात कागद. डॉक्टरांनी चादर बाजूला केली. डाव्या मांडीवरची ती काळी, चकचकीत जागा खिडकीच्या उजेडात आली. एका मुलानं विचारलं, "सर, हा डाग कशाचा?" सगळे वाकून बघू लागले.

मायनं माझ्याकडे पाहिलं. "शकुन," ती म्हणाली, "सूप लाव."

वॉर्डात सूप कुठलं? पडद्याची चौकट दुसऱ्या खाटेपाशी होती. मी खाटेच्या आणि त्या मुलांच्या मध्ये जाऊन उभी राहिले, तिच्याकडे पाठ करून, आणि दोन्ही हातांनी साडीचा पदर पसरला. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे काय?" मी म्हटलं, "तुम्ही तपासा. बाकीच्यांना पुढे जाऊ द्या." ती मुलं पुढच्या खाटेकडे गेली.

तपासणं झालं. डॉक्टर गेले. मी चादर ओढली आणि तिच्या उशाशी बसले. ती बोलायला लागली. आधी मला वाटलं, ती औषधाच्या गुंगीत बरळते आहे.

"त्या रोजी अजायबघरात पुढच्या खोलीत जावाले पाहिजे होतं," ती म्हणाली. "दहा पावलं होती. मास्तर बलावत होते. मले ऐकू येत होतं, शकुन."

"मग गेली काहून नाहीस?"

तिनं चादरीखाली हात नेऊन मांडीवरचं लुगडं नीट केलं.

"तिले तशी उघडी टाकून कशी जाऊ वो?"